म-चा खण

नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
वाक्प्रचारकोशाच्या कचेरीत
म-च्या खणात मांजर व्यालं.
'मनाचे मांडे'पासून 'मांडीला मांडी'पर्यंत सगळी कार्डं ओली.

काकपद तिचं नाव. कपाळावर तशीच खूण,
राहून गेलेला शब्द ओळीत घ्यायची.

हर्डीकर सर म्हणाले, हिला हलवायचं कुणी?
तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो.
मग चहा आला.
घंटेचं कार्ड त्या दिवशी मला नव्याने कळलं.

कार्डं मी पंख्याखाली वाळत घातली, वाचत गेले.

डोळे मिटून दूध पिणे: चोरी कुणाला दिसत नाही असे समजणे.
मी काकपदला बशी दिलीय. चोरी कसली?
बरं वाटतं म्हणून मिटते ती डोळे.

शिंक्याचं तुटलं, बोक्याचं साधलं.
टायपिंगची ऋजुता विचारते, शिंकं म्हणजे शिंक का हो?
मी हातांनी हवेत दोरी टांगली, दोरीत लोण्याचं मडकं.
तिने फ्रिजकडे पाहिलं.

मांजर आडवे जाणे.
टिळक रस्त्यावर लाल दिव्याला न थांबणारे
हिच्यासाठी थांबतात.
अपशकुन नक्की कुणाला, याचा खुलासा कार्डावर नाही.

मार्जार: मृज्, म्हणजे पुसणे.
जे स्वतःला पुसून घेतं, ते.

मांजरीची सात घरे: पिलांसाठी वारंवार जागा बदलणे.
उगम: (रकाना कोरा).

बुधवारी खण रिकामा.
एकेकाला मानेला धरून आधी ह-मध्ये नेलं म्हणे,
मग बांधणीच्या टेबलाखाली, मग जिन्याखाली,
पुढचं वॉचमनलाही माहीत नाही.

मी मोजायला बसले.
दत्तवाडी. पर्वती पायथा. बिबवेवाडीत दोनदा.
धनकवडी, जिथे पाणी रात्री दोनला यायचं.
दर अकरा महिन्यांनी टेम्पो,
कडेवर मुलगी, तिच्या हातात पोळपाट.
सातवं आंबेगाव. अजून तिथेच आहे मी.
मुलगी नाही, ती आता बंगळूरला.

मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत, असंही एक कार्ड आहे.
मुलीला विचारायचं राहून गेलंय.

कोऱ्या रकान्यात मी पेन्सिलीने लिहिलं:
'घरमालक.'

सरांनी ते खोडलं.
थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं
आणि खोडलेल्या शब्दाखाली
एकेक करून टिंबं दिली,
आमच्या धंद्यात ज्याचा अर्थ
राहू द्या.