पेलाभर डिझेल

करंजाळीला डिझेल आणायला जायचो मी,
निळा कॅन सायकलच्या कॅरियरला बांधून.
अकरा वर्षं गेलो.
गावाचं नाव रोज तोंडात,
नावातलं झाड कधी दिसलं नाही.

झाडं तर ओहोळाच्या दोन्ही काठांना उभी.
चैत्रात शेंगा पडायच्या, पायाखाली कडकड वाजायच्या.
गुरं तोंड लावत नसत. कडू.
आम्ही तेल फक्त खरजेला लावायचो,
तेही लाजत.

मग यमुनी गावितच्या गटाने
सातपूरच्या भंगारातून घाणा आणला, टेम्पोत घालून.
नवसूबाबा हसले,
"इंजिनाला खाज सुटली का रं?"

चार किलो बी, एक लिटर तेल.
चार किलो म्हणजे किती
ते शेंगा फोडणाऱ्या बोटांना विचारा.
दगडावर शेंग उभी धरायची,
एकच घाव, कडेवर.
चुकला तर नख.
भिमीचं एक नख त्या साली निळंच राहिलं.

पहिल्या दिवशी इंजिन चार ठोके बोललं
आणि गप्प.
फिल्टरवर साय धरलेली.
बाया गिरणीच्या दारात उभ्या,
कोणी काही बोललं नाही,
ते बोलण्याहून वाईट.

रात्रभर तेल निवळत ठेवलं.
जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळलं.
तेलाची नळी सायलेन्सरला गुंडाळली,
जाता जाता शेक मिळावा,
बाळंतिणीला देतात तसा.

दुसऱ्या दिवशी नागली दळली.
पिठाला वास येतो, सोमी म्हणाली,
आणि पहिली भाकर नवऱ्याला वाढली.
धुराड्याला पाच हात पाईप जोडला मग.
आता वास ओहोळाकडे जातो,
जिथून आला तिकडे.

वहीत डिझेलचं पान आहे, पण पातळ.
बाकी नावं:
भिमी, सात किलो.
चिंतू, दीड. रोज दीडच.
दळणाचा पैसा घाट उतरत नाही,
पेंड वावरात जाते.

तालुक्याचे साहेब येऊन गेले.
म्हणाले, हे स्वावलंबन.
टाळ्या झाल्या.
मी मागे उभा होतो, हात तेलाचे,
म्हणून वाजवल्या नाहीत.

कारण पहाटेच्या गारठ्यात
इंजिन करंजावर उठत नाही.
आधी पेलाभर डिझेल पाजावं लागतं,
मग कॉक फिरवायचा.
तो पेला मी मोजून ओततो.

निळा कॅन खुंटीला असतो,
महिन्यातून एकदा निघतो.
करंजाळीच्या वाटेवर आता
सायकल हळू चालवतो,
झाडं मोजत.
मागच्या खेपेला सत्तावीसवर आलो होतो,
तेवढ्यात मागून जीप आली
आणि मोजणी चुकली.