एक ते दहा

शाळेला सुट्टी, म्हणून वर्गात दवाखाना.
बाकं जोडून त्यांवर पिवळं प्लॅस्टिक,
फळ्यावर कुणाचा तरी अर्धवट राहिलेला भागाकार,
आणि खिडकीबाहेर धुकं, इतकं
की रांग किती लांब आहे ते खोकल्यांवरून मोजायचं.

बेट्टिना सुयांची पाकिटं फोडते.
तिला स्पॅनिश येतं, मोडकंतोडकं.
रांगेला येतं माम.
मधे मी, फ्लोरिदाल्मा, वय एकोणीस,
दोन वेळचं जेवण आणि कॉफी, या बोलीवर दुभाषी.

पहिला प्रश्न छापलेलाच आहे:
दुखणं किती? एक ते दहा.

म्हातारी एउलालिया कपाळावरचा पट्टा सोडत म्हणते,
"लाकडाच्या दोन मोळ्या. ओल्या."
मी सांगते: सात.

बटाट्याच्या शेतातून तसाच आलेला फर्मिन म्हणतो,
"गुडघ्यात कुणीतरी पाट्यावर मका वाटतंय.
रात्रीच. दिवसा त्यालाही सवड नसते."
मी सांगते: सहा.
वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं
आकड्यात कसं बसवायचं, मला कुणी शिकवलं नाही.

मातेआ काहीच बोलत नाही.
तिचा मुलगा उत्तरेला गेला त्याला तीन वर्षं झाली,
वाळवंटाच्या अलीकडून एकच फोन.
मग हळूच:
"पावलं वाजली की उठते. दार उघडते.
कुत्रं असतं."
पेन्सिल थांबलेली. बेट्टिना माझ्याकडे बघते.
स्पॅनिशमध्ये आहे एक शब्द, पण तो नुसता दचकण्याचा.
मी म्हणते, "हिचा जीव थाऱ्यावर नाही.
गेलाय बाहेर, रस्त्यावर बसलाय."
आकड्याची चौकट तिनं कोरीच ठेवली.
दोन्ही कानांत बारीक सुया.
मातेआ बसल्या जागी झोपली, तोंड उघडं.
किती रात्रींनी, ते मी विचारलं नाही.

तोमासा सुईण दारातून बघत होती दोन दिवस.
"टोचून बरं वाटतं म्हणे!
मग निवडुंगात पडलेली आमची गाढवं
अजून जिवंत असायला हवी होती."
तिच्याकडे वाफेची ठेंगणी खोली, सतापीच्या जुड्या,
आणि गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर आलेली.
तिसऱ्या दिवशी मुकाट बाकावर बसली,
उजवा खांदा उघडा करून.
आकडा सांगितला नाही. मीही लावला नाही.

गुरुवारी बाल्तासारनं पोराला पाठीवरून आणलं.
एल्मेर, नऊ वर्षांचा, पोट फळीसारखं.
"इथे पैसे मागत नाहीत ना? लावा सुया."
बेट्टिनानं पोटावर हात दाबला, उचलला.
पोर असं ओरडलं की रांगेतले खोकले थांबले.
तिनं पाकीट परत डब्यात ठेवलं.
"हे माझं काम नाही," स्पॅनिशमध्ये.
तोमासानंही हात लावून पाहिला.
"हे माझं काम नाही," माममध्ये.
आठवड्यात पहिल्यांदाच
मला मधे बोलावं लागलं नाही.

बाप हलेना. मोठ्या इस्पितळातून
त्याचा भाऊ खोक्यात परत आला होता.
मी पुष्कळ बोलले. काय बोलले, आठवत नाही.
शेवटी तोमासाच पिकअपच्या मागे चढून बसली,
मांडी घालून म्हणाली, "दे इकडे पोराला."
डिझेलला रांगेनं नाणी काढली.
चार तासांचा घाट, धुक्यात.

पुढच्या रविवारी बेट्टिना गेली.
भागाकार तसाच होता, मी पुसला.
एल्मेर अकरा दिवसांनी आला,
आता टाके दाखवायचे एक गोळी घेतो,
हात लावायचा असेल तर दोन.

मातेआ अजून दार उघडते.

आणि परवा ओढ्यापलीकडून,
धुक्यात दिसत नव्हती पण आवाज तिचाच,
एउलालिया ओरडली, "पोरी, आज पाच!"
मी थांबले. ओरडून विचारलं,
"ओल्या की वाळल्या?"