खूण

आमच्या बाला ण म्हणता यायचा नाही.
नंदगडात पुष्कळांना येत नाही, त्यात विशेष काही नाही,
पण बा सुतार. कानामागं पेन्सिल.
"खून केल्याबिगर करवत लावायची न्हाई,"
असं शिकाऊ पोरांना ओरडून सांगायचा,
आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर लुर्डिना
त्या आज्ञेपाशी आल्या की
माझ्या पोटात गोळा यायचा.

ती आज्ञा आमच्याकडं पाचवी.
शेजारच्या मेथडिस्ट शमुवेल मास्तरांकडं सहावी.
दोघं कट्ट्यावर बसून आकड्यावरून भांडायचे.

गावाबाहेर तो वड आहे.
गोऱ्यांनी तिथं आपल्या माणसाला फासावर दिलं.
आता मूल न होणाऱ्या बाया त्याला लाकडी पाळणे बांधतात,
वितीएवढे.
ते बा करायचा, उरल्यासुरल्या जांभळीचे,
दीड रुपयाला एक, दोरी तुमची.

मग हिंडलग्याहून चिठ्ठी आली.
जेलातल्या फळीला वाळवी लागली होती.
ती फळी. पायाखालची.
साग सरकारचा, मजुरी रोजावर, जेवण तिथंच.

फादर मिनीन म्हणाले,
राज्याच्या हाती तलवार देवानंच दिलीय, इनास.
तू लाकडाचं बघ.
शमुवेल मास्तर म्हणाले, मेस्त, मला एक सांग,
प्रभूचा क्रूस कुणीतरी सुतारानंच केला असेल ना?
रंधून, सांधा नीट बसवून.
संध्याकाळी घरी जाऊन जेवला असेल तो?

चार दिवस बा गप्प.
पाचव्या दिवशी सकाळच्या बसनं गेला.
घरात आम्ही सहा तोंडं.
हे त्याची बाजू घेऊन सांगत नाही,
सहा होतो एवढंच.

फळी बसली.
मग माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं
दोरीला बांधून वॉर्डरनं खटका ओढला.

त्या माणसाचा दयेचा अर्ज पुढं मंजूर झाला.
त्या फळीवर कधीच कुणी उभं राहिलं नाही.
आई हे दर रविवारी, मिसाहून येताना, बाला ऐकवायची.
बा म्हणायचा,
"पोतं पडलं तवा
फळी सरळ उघडली का, येवढंच मी बघत हुतो."

म्हातारपणी एकच गोष्ट सांगायचा, तीही अर्धी.
जगातल्या पहिल्या खुन्याची,
भावाला शेतात गाठलं होतं त्यानं.
"देवानं काय केलं, म्हाईत हाय? त्याच्यावर खून केली.
कुनी त्याला मारू ने म्हनून."
मी विचारायची, बा, खूण ना?
"तेच म्हनतोय की."

आज दवाखान्यात त्याचा अकरावा दिवस.
छाती मशीन उचलतं, मशीनच खाली ठेवतं.
फॉर्म कानडीत आहे, माझी कानडी बाजारापुरती.
नर्स गंगव्वा बोट ठेवून दाखवते,
"अक्का, इल्ले टिक माड्री."
दोन चौकोन.

नवे फादर माझ्या मुलाच्या वयाचे.
खुर्ची जवळ ओढून हळू बोलतात:
मारणं वेगळं, मरू देणं वेगळं.
ज्या उपचाराचं नुसतं ओझंच उरलंय
तो थांबवला तर ती हत्या नव्हे.
त्यांचं बरोबर असेल.
फादर मिनीनांचंही त्या वेळी बरोबरच होतं.

पिशवीत हात घातला तर पेन्सिल लागली.
पेन्सिल चालत नाही, पेन पाहिजे, म्हणते गंगव्वा,
आणि आपलं पेन काढून देते, टोपण चावलेलं.

बाचा कान बघते. त्याच्यामागं
सत्तर वर्षांत पडलेली बारीक खाच आहे,
अंघोळ घालतानासुद्धा कधी दिसली नव्हती मला.

खाली कुठंतरी कोण रंधा मारतंय,
जातोय, येतोय,
की ते मशीनच आहे.