नसेल तर

हर्णैला, बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत,
मच्छीमार सोसायटीच्या एकशे त्रेचाळीस होड्यांसाठी
मी एकच पान लिहिलं.

वर सोसायटीचं नाव, तळाला फोन नंबर,
मधे नुसत्या जागा सोडल्या.
दोन महिरपी कंस, आत 'नाव'.
दोन महिरपी कंस, आत 'तांडेल'.
खलाशी किती, डिझेल किती, निघाल्याची तारीख,
परतल्याची तारीख.
होडीने यावं, कंसांत बसावं, पान उघडावं.
एकशे त्रेचाळीस वेळा तेच तेच लिहायला
मी काय तलाठी आहे?

खाली सावलीत धाकू चोगले जाळं विणत होते.
डाव्या हातात बोटभर रुंद बांबूची पट्टी.
दोरा पट्टीवरून फिरतो, गाठ, पट्टी सरकते,
पुन्हा दोरा, पुन्हा गाठ.
मी त्यांना साचा सांगत बसले,
मूळ पान, त्याच्या पोटी आलेली बाकीची पानं.
त्यांनी सुई दातांतून काढली.
"मंजे तुजी पन पट्टीच की गो.
लोक बोलतात जालं इनतो.
आमी भोकं इनतो. मापात."

बुधवारी सुगंधा रघुवीर जिना चढून आली.
बोंबलांचा वास तिच्याआधी पोचला.
तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.
होडी: हेरंबकृपा. तांडेल: तिचा नवरा.
परतल्याची तारीख: शून्य.
"शून्य मंजे काय?"

जागा रिकामी राहिली की यंत्र आपल्या मनाने शून्य छापतं.
तिथे 'नसेल तर' लिहायचं मी विसरले होते.
"काही नाही गं," मी म्हटलं.
"तेच इचारते. काई नाय मंजे काय?"

दोन दिवस उशीर होतोच,
हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.
पण छापलेलं शून्य घेऊन ती बंदरापासून चालत आली होती.

मूळ पान उघडलं. ओळ बावन्न.
तारीख असेल तर तारीख,
नसेल तर
इथे हात अडला.
'माहिती उपलब्ध नाही' तहसीलदाराचं.
'प्रतीक्षेत' रेल्वेचं.
"तूच सांग," म्हटलं.
तिने पदर खोचला.
"लिव. अजून दर्यात हाय."

मी लिहिलं: अजून दर्यात.
ओळ एक बदलते, पानं एकशे त्रेचाळीस,
ह्याच एका गोष्टीसाठी मी हा धंदा धरला.

चार वाजता फोन आला, हेरंबकृपा जयगडला लागली,
इंजिनाचा पट्टा तुटला होता, माणसं जेवतायत.
सुगंधाने नवऱ्याला आधी शिव्या घातल्या, मग मासळीचा भाव सांगितला.

लिलावाआधी पोरं हसत वर आली.
रंगाला काढलेल्या होड्या, अजून दर्यात.
बँकेने ओढून नेलेली अल-फरीद, अजून दर्यात.
ह्या हंगामात निघाल्याच नाहीत,
म्हणून परतल्याही नाहीत, साच्याला तेवढंच कळतं.
आणि भवानीप्रसाद. धाकू चोगल्यांची.
मोडून आठ वर्षं झाली.
तिच्या दोन फळ्यांचं आता कोंबड्यांच्या खुराड्याला दार आहे.
यादीतून नाव काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी खाली गेले. म्हटलं, चुकलं,
उद्या अजून एक 'जर' घालते,
मोडलेल्यांसाठी वेगळं.
त्यांनी फोन हातभर लांब धरला. ओठ हलवत वाचलं.
पट्टी घरात तशीच अडकलेली.
"बाकीच्यांना घाल," म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"हिला ऱ्हाऊ दे."

साच्यात कुणाचं नाव लिहायचं नसतं,
पहिल्याच वर्षी शिकवतात.
ओळ त्रेपन्न:
होडी मोडली असेल,
आणि नाव भवानीप्रसाद नसेल, तर