मुठीचे तांदूळ

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन निघते.
आमची घरं डोंगराच्या कण्यावर बसलेली,
एकीच्या अंगणातून दुसरीचं छप्पर दिसतं,
कुणाकडे काय शिजतं ते लपत नाही.

चूल पेटवण्याआधी जी ती बाई
आधणात जायच्या तांदळातली एक मूठ बाजूला काढते
चर्चसाठी.
दोन वेळच्या दोन, आठवड्याच्या चौदा.
मोजत कुणी नाही. मी मोजते, माझं कामच ते.

तेवीस वर्षं झाली.
झाकली मूठ म्हणतात, पण मला साऱ्या उघड्या ठाऊक आहेत.
ङुर्थन्सांगीची सैल, दारापासून डब्यापर्यंत सांडत येणारी.
मास्तरांच्या बायकोची नेमकी, दाणाही इकडचा तिकडे नाही.
थांगजाउवा बायको गेल्यापासून स्वतः काढतो,
त्याच्या तांदळात विडीची राख असते.
मी काही बोलत नाही. पाखडून घेते.

गोणीत ओतलं की मात्र ओळख मोडते.
उतारावर पिकलेला लाल, रेशनचा तुकडा,
ऐझॉलच्या जावयानं पाठवलेला लांब दाणा,
तराजूला फक्त वजन कळतं.

मग नव्या चर्चच्या जागेवरून भांडण झालं.
वरची आळी म्हणाली, मैदानाशेजारी. खालची म्हणाली, जुन्याच जोत्यावर.
शब्दाला शब्द लागला,
आणि वरचे शाळेच्या खोलीत वेगळी उपासना करू लागले.
त्यांना घंटा नव्हती, त्यांनी गॅसचा रिकामा सिलेंडर टांगला.
रविवारी आधी आमची घंटा, मागोमाग त्यांचा सिलेंडर,
कुत्री दोन्हींना ओरडायची.
त्यांनी डबाही वेगळा केला. निळा. आमचा हिरवा.
पाळकांनी तीन रविवार एकीवर प्रवचन केलं,
सकाळी खाली, मग धापा टाकत चढून वर.
दोन्हीकडे माना डोलल्या.

दोन वर्षांनी जुलैत दरड कोसळली
आणि त्याच आठवड्यात वरच्या आळीतल्या ह्रांगछुआनाचा मुलगा
सिल्चरच्या दवाखान्यात गेला.
गाडी सातव्या मैलावर अडली.
तिथून खांद्यावर आणायचं, चिखलातून, रात्री.
रस्त्याला जवळ आम्ही, खालचे.
कुणी कुणाला विचारलं नाही. कंदील आपोआप बाहेर आले.

इकडे कबरीच्या जागी कातळ लागला.
वरच्या पोरांच्या हातांना फोड आले होते
तेव्हा आमची पोरं पहारी घेऊन पोचली.
मी चहाची किटली धरून काठावर उभी.
खड्ड्यात कमरेपर्यंत रेमा आणि छुआंगा,
दोन वर्षांत एकमेकांकडे न पाहिलेले.
रेमा म्हणाला, "पहार दे."
छुआंगानं दिली.
एवढंच. मग पहाटेपर्यंत दगडाचा आवाज.

पुढच्या शनिवारी पाय सवयीनं चालत राहिले,
आणि मी हिरवा डबा घेऊन थेट साप्तौनीच्या दारात, निळ्या घरात.
मुलगा जाऊन पाच दिवस झालेले.
तिच्याकडे चूल कालच पेटली होती,
तांदूळ आमच्याच कोठीतून गेलेले, मीच मापून दिलेले.
मी मागे वळणार तर ती आतून आली,
मूठ पुढे केली.
मी म्हटलं, अगं, हे तर आम्हीच तुला...
ती म्हणाली, "शिजायच्या आधी काढलेत."
आणि ओतले.

भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही.
चर्चची जागा अजून ठरायची आहे,
सिलेंडर अजून वाजतो.
पण निळा डबा हल्ली संध्याकाळी माझ्याच ओट्यावर येतो,
आणतो तो मुलगा काही न बोलता ठेवून जातो,
आणि मी दोन्ही एकाच गोणीत उपडे करते.

या आठवड्यात एकतीस किलो भरले.
त्यात राख थोडी. तीही तोलली गेली असणार.