हळवं

आत्या भर मांडवात म्हणाली,
"पोरगी हळवी हाय गं वैनी,"
आणि पंगतीतल्या बायकांनी माना हलवल्या,
टिचकी मारल्यावर मडकं बद् वाजावं तशा.
मी फक्त सनईवाल्याच्या फुगलेल्या गालांकडं बघून
रडत होते.

पुढं कधीतरी शब्दकोश उघडला.
मुळात 'लघु' होता म्हणे.
हजार वर्षं तोंडातोंडांत घोळला,
पाहुणा आल्यावर पाटावर सरकून घ्यावं
तशा ल आणि ह नं जागा बदलल्या,
लहु, हलु, हळू,
आणि मग हा.
खाली बारीक टायपात अजून एक अर्थ:
लवकर पिकणारं (भात).

लक्ष्मीपुरीत तातोबा मगदुमांना विचारलं.
त्यांनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातला,
मूठ माझ्यासमोर उघडली.
"राधानगरीकडचं. उताराचं रान, पाणी ठरत न्हाई,
म्हणून घाई.
गरवं बसतंय चिखलात पाय सोडून,
ह्याला कुठली सवड?
आन् शिवारात पहिलं पिकतंय न्हवं,
साऱ्या गावची पाखरं आधी ह्याच्यावर."

मग लावतात कशाला?

तातोबा हसले.
"नव्याच्या पुनवेला दाणा कुठनं आणायचा, बाई?
गरवं येईस्तोवर चूल थांबती व्हय?"

तेव्हा दादा आठवले,
उद्यमनगरात, लेथवर.
शाफ्टवरनं अंगठा फिरवून सांगायचे,
दोन शतांश जादा.
मायक्रोमीटर मागाहून तेच सांगायचा.
मालक गिऱ्हाइकाला म्हणायचे,
"ह्यांचा हात हळवा आहे,"
आणि कुणी मान हलवायचं नाही.
तासाला दीड रुपया वाढला होता त्यावर.
घरी मात्र तोच अंगठा
माझ्या गालावरनं फिरवताना
दादा काही मोजायचे नाहीत,
किंवा मोजत असतील,
सांगायचे नाहीत.

परवा आत्या आली.
काका गेल्यापास्नं पहिल्यांदाच.
सुनांपुढं रडता येत नाही म्हणाली,
लेकाला आवडत नाही.
मी काही बोलले नाही,
तांदूळ धुवायला घेतले.
पहिलं पाणी पांढरं गेलं, दुसरं जरा कमी.
माझ्यामागं, ओट्याशी टेकून,
तिनं सुरुवात केली.

तिसरं पाणी मी ओतलंच नाही.