सरासरी नऊ

मे महिना. खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा,
काखेत पाहणीचा टॅब, उन्हानं दोनदा बंद पडलेला.
टांडापेठेत गोदावरी निखारेंच्या ओसरीत बसून मी विचारतो
कलम अकरा : किती वर्षं शाळेत गेलात?

मागे हातमाग. बंद. त्यावर चादरी वाळत घातलेल्या.
"तीन. चौथीत बाप गेला, मंग बॉबिनीच भरल्या."
बॉबिनींना रकाना नाही. मी तीन लिहितो.
सून उज्ज्वला, बी.एस्सी. : पंधरा.
यंत्र स्वतःच मिळवतं, भागतं, दाखवतं :
या घरात सरासरी शिक्षण, नऊ वर्षं.

नऊ वर्षं शिकलेलं ते माणूस
मी नजरेनं शोधलं. चुलीपाशी, मोरीत,
कूलरच्या मागे.
नव्हतं.

"अन् हे जाते कुठं?"
वर, म्हटलं. आधी सिव्हिल लाइन्स, मग दिल्ली,
मग सगळ्या देशांची एक यादी लागते.
जगणं किती, शाळा किती, कमाई किती,
तिन्ही मिळून एकच आकडा.
"मंग आपला कितवा आला?"
नातवाचा निकाल विचारावा तसं.
एकशे तीसच्या आसपास, म्हटलं.
"पास आहे नं पन?"
मध्यम गट.
त्या जराशा सैल बसल्या.

इथं थांबायला हवं होतं. पण मी सांगून गेलो,
की कधी कधी आपण एक पायरी चढतो
ते आपण चढलो म्हणून नाही,
पुढच्याच्या गावांवर बॉम्ब पडले म्हणून.

पंख्याचा आवाज तेवढा.
"त्यायच्या घरी मयत, अन् आपन पेढे वाटाचे काय जी?"

याचं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात दिलं नव्हतं.

उज्ज्वला दारातून म्हणाली, मग हे सगळं खोटंच.
पहाटे पाचपासून मी उभी आहे,
आणि तुम्ही माझ्यापुढे 'काम नाही' टाकलंत.
टाकलं होतं. यादीत दुसरा पर्याय नव्हता.
मी टॅब मिटायला लागलो,
तशी सासूच तिच्यावर ओरडली :
"लिहू दे त्याले!"

आणि मग हळू, बोटं मोडत,
"माह्या मायले आमी सात झालो. तीन उरलो.
बाकीचे हगवणीनं गेले, गोवरानं गेले,
एकाचं तं नावच ठेवाचं होतं.
कोन्या कागदावर नाई ते. एकबी नाई.
इच्चाराले कोनी आलंच नाई."

तिसऱ्या पानावर तो रकाना आहे. पाच वर्षांखालचे मृत्यू.
पण फक्त अलीकडचे. तिचे चार भाऊबहीण
त्यात मावत नाहीत, मी सांगितलं.
"मले समजते," त्या म्हणाल्या. "आताचं लिही. शून्य."
चष्मा शोधून आणला, पडद्यावर वाकल्या,
गोल पुरता मिटलाय ना ते पाहिलं.
मग म्हणाल्या, "हं."

परतताना झिरो माइलशी थांबलो, सावलीसाठी;
सावली नव्हती.
चार घोडे, पिवळट खांब, दगडावर कोरलेली गावं :
बैतूल इतकं, चांदा इतकं, हैदराबाद इतकं.
कोण किती लांब, एवढंच त्याला ठाऊक.
रस्ता कसा आहे, वाटेत पाणी लागतं का,
आणि मुळात तिकडेच जायचंय असं ठरवलं कोणी,
हे दगडाला विचारू नये.
नागपूर किती लांब, हेही त्याच्यावर लिहिलेलं नाही.
तरी मी तिथं उभा राहून
एकेक आकडा बोटानं वाचला.
कोणीतरी साखळी ओढत, उन्हातान्हात
तेवढं चाललं होतं म्हणून तो आहे.

फॉर्मचा शेवटचा रकाना, शेरा. चाळीस अक्षरांची मर्यादा.
मी लिहिलं : माठातलं पाणी दिलं. वाळा घातलेलं. दोनदा.
यंत्र म्हणालं, अवैध नोंद.
खिशातला कांदा तोवर मऊ पडला होता.